रनर पुढे

औषधांच्या दुकानातली रांग हलत नव्हती. आपल्या पुढे टॅन्सी स्पर्लॉक आणि तिची आई उभ्या आहेत हे आयरीन ग्रॅबोव्स्कीच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं चटकन खोकल्याच्या गोळ्यांकडे तोंड फिरवलं. शाळा सुटल्यावर मुलांचे आईबाप भेटले की तिला नकोसं व्हायचं. त्यांना वाटतं, मास्तरीण म्हणजे चोवीस तास उघडं दुकान. टॅन्सीची आई रोवेना काचेच्या कारखान्यात रात्रपाळी करते, तिचे डोळे कायम तांबारलेले असतात. काउंटरवरून मिळालेली आजोबांच्या औषधाची बाटली तिनं लेकीच्या हातात दिली आणि म्हणाली, "वाच गं जरा, पॅपॉला दिवसातून किती वेळा द्यायचंय? माझा चष्मा गाडीतच राहिला." टॅन्सीनं बाटली घेतली. एकदा फिरवली, लेबलावर बोट ठेवलं, बोट उचललं, आणि बाटली आईला परत देऊन तिनं दोन्ही मुठी छातीसमोर आडव्या धरल्या, मध्ये वीतभर अंतर ठेवून, जणू हातात बॅट आहे. मग हसून म्हणाली, "बंट." रोवेनाही हसली. बेसबॉलनं पोरीला वेड लावलंय असं काहीतरी ती काउंटरवाल्याला म्हणाली, आणि त्यालाच विचारून घेतलं. आयरीननं हातातली गोळ्यांची पाकिटं परत ठेवली आणि काहीही न घेता दुकानाबाहेर आली. तिला खरं म्हणजे खोकला होता.

गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायची सोडून ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. तिसरीच्या वर्गात नऊ वर्षांची मुलगी, वर्ष संपत आलेलं, आणि तिला एका बाटलीवरची एक ओळ वाचता येत नाही. हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं आयरीन कुणालाही सांगू शकली असती आणि कुणीही मान डोलावली असती. पण गाडीत दुसरं कुणी नव्हतं. आणि आज दुपारीच तर मुलांनी मत दिलं होतं. दरवर्षी वर्गातल्या शब्दांच्या खेळात जिंकलेला संघ मे महिन्यात नदीकाठच्या मैदानावर शहराच्या हेरन्स या बेसबॉल संघाचा सामना बघायला जातो, आणि जिंकलेल्या मुलांनी निवडलेलं एक मूल माइक हातात घेऊन हेरन्सच्या नऊ खेळाडूंची नावं वाचतं. एकेक नाव पुकारलं की तो तो खेळाडू धावत मैदानात येतो. मुलं त्या माइकसाठी वर्षभर एकमेकांच्या उरावर बसतात. यंदा मात्र भांडण झालंच नाही. "टॅन्सी," सगळे म्हणाले, अगदी कॉर्बिनसुद्धा, जो स्वतःच्या बहिणीलाही बिस्किट देत नाही. टॅन्सी उठून उभी राहिली, कानांपर्यंत लाल झाली, आणि आयरीननं सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. परवा, शनिवारी दुपारी, ती मुलगी सहा-सात हजार माणसांसमोर हातात कागद घेऊन उभी राहणार होती.

खेळ तसा सोपा. वर्गाचे चार कोपरे म्हणजे चार बेस: दार, खिडकी, हात धुवायचं बेसिन आणि बाईंचं टेबल. बाई पत्ता उचलून दाखवणार, मुलानं त्यावरचा शब्द वाचायचा, अर्थ सांगायचा. सोपा शब्द आला तर एक बेस, अवघड आला तर थेट होम रन, म्हणजे चारही बेस एका दमात, आणि सगळ्या वर्गाच्या किंकाळ्या. चुकला तो बाद. आयरीनच्या वर्गात मुलं सुट्टीच्या दिवशीही शब्द पाठ करतात हे शहरभर माहीत होतं. मुख्याध्यापक हल्बर्ट तर पाहुणा आला की आधी तिच्याच वर्गात आणतात, आणि येत्या ऑगस्टमध्ये इतर शाळांचे शिक्षक तिच्याकडून ही पद्धत शिकायला येणार होते. इतक्या वर्षांत कुणी तिच्याकडून काही शिकायला यायची ही पहिलीच वेळ. बंट तिनं सप्टेंबरात आणली, टॅन्सीसाठी. पहिल्याच सामन्यात पत्ता समोर धरला आणि ती मुलगी नुसती उभी राहिली, ओठ जरा हलले, आवाज नाही. मागून कुणीतरी खुदकन हसलं. वर्गात असं हसू आलं की ते पसरायला वेळ लागत नाही हे आयरीनला अनुभवानं माहीत होतं. तिनं पत्ता खाली केला आणि म्हणाली, टॅन्सी बंट करेल. म्हणजे शब्द वाचायचाच नाही. बॅट आडवी धरायची, चेंडू नुसता पायाशी पाडायचा, आपण बाद व्हायचं, पण आपला गडी एक बेस पुढे सरकवायचा. टॅन्सीनं मुठी धरल्या, आयरीन म्हणाली, "रनर पुढे," आणि खिडकीतला मुलगा धावत बेसिनजवळ गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टॅन्सी खाली बसली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की आयरीनला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्यानंतर प्रत्येक सामन्यात तेच. मुलं तर वाटच बघायची. टॅन्सी आली, आता रनर पुढे जाणार. ज्याला बेसबॉल कळतो त्याला हेही कळतं की दोन गडी बाद झाल्यावर बंट कुणी करत नाही, कारण तिसरा बाद झाला की डावच संपतो, पुढे सरकून करायचंय काय. वर्गात आयरीननं तेही चालवून घेतलं. दोन बाद असले तरी टॅन्सीची बंट चालेल, म्हणाली. कॉर्बिननं विचारलंही होतं, हा कुठला नियम? हा माझ्या वर्गाचा नियम, ती म्हणाली. तेव्हा तिला का नाही विचारावंसं वाटलं, की आपण हा नियम कुणाला वाचवायला काढतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं तर दोन मुठी होत्या, आणि त्या झाकून ठेवायचं काम तिनंच केलं होतं.

पण तिला टॅन्सीची दया येत नव्हती, हे तिला घरी पोचेपर्यंत पक्कं कळलं. दया यायला हवी होती. येत होता तो राग, आणि रागाच्या मागे आणखी काहीतरी, जे बघायला ती तयार नव्हती. स्वयंपाकघरात उभ्यानंच तिनं काल उरलेलं कोबीचं सूप गरम केलं आणि पातेल्यातूनच प्यायली. पा, तिचे वडील, असते तर ओरडले असते. पा उन्हाळ्यात पायऱ्यांवर बसायचे, पायाशी बिअरची बाटली आणि मांडीवर रेडिओ, आणि सामना ऐकता ऐकता घरातल्या माणसांना खेळायला लावायचे. तिचा भाऊ रॉनी म्हणजे त्यांचा होम रन. रॉनी शाळेच्या संघात चेंडू टाकायचा. त्याचा हात सोन्याचा आहे असं पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि आयरीन आतून लिंबूपाणी आणून द्यायची. ती कोलंबस शहरात कॉलेजात शिकायला गेली त्या वर्षीच आईची मूत्रपिंडं गेली. रॉनीला त्याच हिवाळ्यात दूरच्या कॉलेजानं बोलावलं होतं. पांनी तिला फोन केला तेव्हा मागे रेडिओवर कुणीतरी बातम्या वाचत होतं. त्यांनी फार समजावलं नाही, मनधरणी तर त्यांना यायचीच नाही. "रीनी," ते म्हणाले, "या वेळी तू बंट कर. रॉनीला पुढे जाऊ दे." तिनं खोलीतलं सामान दोन खोक्यांत भरलं आणि बसनं घरी आली. आईची चादर बदलायची, आईला आंघोळ घालायची, आईच्या शिव्या ऐकायच्या. आई शिव्या पोलिशमध्ये द्यायची, म्हणजे शेजाऱ्यांना ती प्रार्थना करतेय असं वाटायचं. आई सहा वर्षं जगली. रॉनीचा सोन्याचा हात दुसऱ्याच वर्षी खांद्यातून गेला. आता तो ॲरिझोनात पोहण्याचे तलाव विकतो आणि नाताळला संत्र्यांची पेटी पाठवतो. आयरीननं पुढे संध्याकाळच्या वर्गांतून शिकून ही नोकरी मिळवली. पांच्या अंत्यविधीला रॉनी बराच वेळ बोलला, हसवलं, रडवलं, आणि शेवटी म्हणाला, बहिणीचेही आभार. आयरीन तेव्हा चर्चच्या पहिल्या बाकावर होती. कुणी टाळी वाजवली नाही, अंत्यविधीत कोण वाजवतं, पण ती वाट बघत होती हे तिला आजही आठवतं. आणि ही स्पर्लॉकांची पोर, हिनं काही सोडलं नाही, हिच्या हातून काही गेलं नाही, नुसती उभी राहून खाली बसते, आणि वर्ग टाळ्यांनी दणाणतो. गेलं वर्षभर आयरीन रोज हे बघत होती. सुरुवातीला गोड वाटलं, मग सवय झाली, आणि मग कधीतरी, हिवाळ्याच्या सुमाराला असेल, त्या मुलीचा उजळलेला चेहरा दिसला की तिला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायला लागलं. तरीही ती "रनर पुढे" म्हणतच राहिली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिनं टॅन्सीला थांबवून घेतलं. बाहेर मुलांचा कालवा चालला होता, टॅन्सीचा एक डोळा खिडकीवर होता. आयरीननं आधी गोडीनं विचारलं की उद्या भीती वाटते का, वाटत असेल तर घसा बसला म्हणून सांगता येईल, कॉर्बिन वाचेल. टॅन्सीनं नकारार्थी मान हलवली. घसा चांगला आहे बाई, म्हणाली. मग आयरीननं टेबलावरचा एक पत्ता उचलून तिच्यासमोर धरला, अगदी साधा शब्द, पहिलीतला. टॅन्सीनं पत्त्याकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि तिच्या मुठी आपोआप वर आल्या. "इथं आपण खेळत नाही आहोत," आयरीन म्हणाली. मुठी खाली गेल्या. मग टॅन्सी, पकडल्या गेलेल्या माणसाच्या आवाजात नव्हे, चांगली बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "बाई, मला वाचायची गरजच नाही. सगळी नावं मला येतात. पॅपॉ रोज रेडिओ लावतो ना." आणि तिनं म्हणून दाखवलं, रेडिओवरचा माणूस ओढतो तसं एकेक नाव ओढून: "पिट्स, लेव्हरेट, बॅरेरा, आणि दुसऱ्या बेसवर क्लेटन हॅनीऽऽऽ," थेट नवव्या नावापर्यंत, एकही चूक न करता. आयरीनला हसू आलं. छातीवरचं ओझं उतरलं, आणि ओझं उतरताना माणूस किती हलकट होऊ शकतो याची तिला त्या क्षणी थोडी कल्पना आली. ती म्हणाली, छान, मग उद्या कागद तोंडासमोर धर, म्हणजे वाचतेस असं वाटेल, आणि आत्ता म्हटलंस तसंच म्हण. टॅन्सीनं विचारलं, कागदाकडे बघायचं नाही? आयरीन म्हणाली, बघायची काय गरज? मग त्या मुलीला तिनं बाहेर खेळायला सोडलं. उरलेली सुट्टी ती टेबलाशी बसून राहिली. ती आत्ताच या मुलीला वाचायला शिकवू शकली असती, निदान रोवेनाला फोन करू शकली असती, निदान दोन ओळींचं पत्र. पण वर्ष संपायला आठवडाच राहिला होता. पुढच्या वर्षी ती चौथीच्या बाईंच्या पदरात पडणार, मग त्या आणि त्यांचं नशीब. फक्त शनिवार पार पडायला हवा होता. तिनं टोक काढलेल्या पेन्सिली डब्यात उभ्या करून ठेवल्या आणि घंटा वाजवायला उठली.

शनिवारी ऊन चांगलं होतं. नदीवरून येणाऱ्या वाऱ्यात तळलेल्या कांद्याचा आणि मोहरीचा वास होता. मुलं एका ओळीत बसली होती, हातात सॉसेजचे पाव, नाकाला लागलेला लाल सॉस. हल्बर्ट आपल्या बायकोला घेऊन आले होते. त्यांनी आयरीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऑगस्टची तारीख ठरल्याचं सांगितलं. रोवेना रात्रपाळी करून थेट आली होती, कामाचे बूटही पायात तसेच, आणि कठड्याला टेकून फोन उंच धरून उभी होती. शेजारी पॅपॉ, नाकात नळी, मांडीवर तो रेडिओ, सामना डोळ्यांसमोर होता तरी. आयरीन टॅन्सीला घेऊन खाली मैदानात उतरली. हिरवळ इतकी हिरवी होती की खोटी वाटत होती. लाल टोपीवाला मैदानाचा माणूस आला, भला माणूस, पोट सुटलेलं. त्यानं टॅन्सीला दुमडलेला कागद दिला, माइक दिला, कुठं उभं राहायचं ते सांगितलं. टॅन्सीनं कागद उघडला आणि शिकवल्याप्रमाणे तोंडासमोर धरला. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आयरीननंही बघितला नाही. बघायची काय गरज?

"पिट्सऽऽ," टॅन्सी म्हणाली, आणि तिचा आवाज खांबांवरच्या भोंग्यांतून अख्ख्या मैदानावर पसरला. पिट्स धावत आला, टोपी उंचावली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेव्हरेट आला. बॅरेरा आला. वरून रोवेनाची शिट्टी ऐकू आली. आयरीनला वाटलं, झालं, सुटलो. "दुसऱ्या बेसवर," टॅन्सी म्हणाली, आणि रेडिओवाल्यासारखी थांबली, "क्लेटन हॅनीऽऽऽ." खेळाडूंच्या बाकावरून कुणी उठलं नाही. टॅन्सी थांबली. पुन्हा म्हणाली, आणखी ओढून, जणू त्याला ऐकू आलं नसावं. लोक हसायला लागले. "पोरी, हॅनीला सकाळीच नारळ दिला," कुणीतरी वरून ओरडलं, "तो आत्ता बसमध्ये झोपलाय." हसू ओळीओळीनं वर चढत गेलं. बाकाच्या पायरीवर एक उंच, सावळा खेळाडू एक पाय पुढे टाकून अडकला होता, यावं की न यावं या विचारात. आयरीनला हे हसू ओळखीचं वाटलं. सप्टेंबरात वर्गाच्या मागच्या बाकावर जे खुदकन आलं होतं तेच, फक्त आता हजारो तोंडांनी. लाल टोपीवाल्यानं टॅन्सीच्या हातातला कागद घेतला, त्यावर नजर टाकली, आणि त्याच्या कपाळावर आठी आली. कागदावर मुन्योस लिहिलंय, तो पुटपुटला. मग त्यानं टॅन्सीकडे बघितलं, टॅन्सीनं त्याच्याकडे, आणि त्याच्या लक्षात सगळं आलं असावं, कारण त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याची नजर आयरीनवर आली.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही सरावाला कालचा कागद दिला असेल हिला. होतं असं. मी सांगून टाकतो."

तिनं फक्त मान डोलवायची होती. एवढंच. हो, माझा घोटाळा, जुना कागद. लोक हसले असते, तेही तिच्यावर, क्षणभर, मग पाव खायला लागले असते. हल्बर्टनी सोमवारी एक चेष्टा केली असती. मुलगी सुटली असती. आयरीनला हे सगळं त्या क्षणात लख्ख दिसलं. समजलं नाही असं ती पुढे कधीही म्हणू शकणार नव्हती. आणि तेवढ्यात पायऱ्यांवर बसून कुणीतरी म्हणावं तसं तिच्या कानात आलं, या वेळी तू बंट कर, रीनी. त्याच शांत, गृहीत धरलेल्या आवाजात, जणू ती जन्मालाच त्यासाठी आली होती, कुणीतरी पुढे जाणार आणि तिनं बाद व्हायचं, आधी रॉनी आणि आता ही, रात्रपाळीवाल्या बाईची पोर, जिनं वर्षभर तिच्या वाटच्या टाळ्या खाल्ल्या. वर हल्बर्ट उभे राहून बघत होते.

"नाही," ती म्हणाली. "कागद बरोबर आहे. तिनं वाचायला हवं होतं."

माइक टॅन्सीच्या हातात चालूच होता. आयरीनचा आवाज खांबांवरून अर्ध्या क्षणानं तिच्याकडे परत आला, वर्गातला तिचा आवाज, स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं: तिनं वाचायला हवं होतं. हसू विझलं. वर कठड्याशी रोवेनाचा फोनवाला हात हळूहळू खाली आला. तिच्या हातात ती बाटली पुन्हा आली असावी, तसं तिचं तोंड झालं होतं. लाल टोपीवाल्यानं आयरीनकडे एकदाच बघितलं आणि नजर काढून घेतली. मुन्योस कुणी बोलावण्याची वाट न बघता मान खाली घालून धावत आला आणि दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. ओळीतली मुलं मान वर करून बघत होती. कॉर्बिन शेजारच्याला म्हणाला, "म्हणजे हिला वाचताच येत नाही?" आणि ते त्यानं कुजबुजून म्हटलं नव्हतं.

टॅन्सीनं माइक गवतावर ठेवला, फुटू नये म्हणून जपून. मग तिनं दोन्ही मुठी छातीसमोर आडव्या धरल्या, मध्ये वीतभर अंतर ठेवून, आणि आयरीनकडे बघत उभी राहिली. ती वाट बघत होती. यानंतर बाई दोन शब्द म्हणतात आणि सगळे टाळ्या वाजवतात, हे तिला वर्षभरात पाठ झालं होतं. आयरीनचे ओठ सवयीनं उघडले आणि मिटले. माइक उचलून लाल टोपीवाला उरलेली नावं स्वतःच भराभर वाचायला लागला, आणि खेळाडू एकामागून एक त्या दोघींच्या बाजूनं धावत गेले.

"बाई," टॅन्सीनं विचारलं, "मी बाद का?"

"हो," आयरीन म्हणाली. "जा, बस."